कनू पाहावी घेऊन!

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले आजी-आजोबा सांगून गेले. त्यांच्या वेळी ना ईएमआय होता ना विकेंड, नाहीतर या यादीत त्यांनी बोट नक्की घातली असती.

झालं असं, की एका सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी आमच्या टीममधल्या एका पोट्ट्यानं मोबाइल थेट माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर लालभडक, केळ्यासारखी वाकलेली, आतून रिकामी अशी एक होडी. "घेऊन टाकू का?" मागच्याच महिन्यात हा कोलाडला रिव्हर राफ्टिंग करून आला होता. तेव्हापासून त्याला नागपूरच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा लाटा दिसतात. राफ्टमध्ये आठ जणांत बसून वल्हं मारण्यात मजा नाही, स्वतःची बोट पाहिजे, आणि तीसुद्धा कयाक नाही तर कनू, असं त्याचं म्हणणं. बोनस जमा झालेला, लग्न ठरलेलं नाही. म्हणजे गडी खर्चाला मोकळा.

"चालवणार कुठे?" मी विचारलं.

"वैनगंगेत! तुझ्या मामाचं गाव तिकडेच आहे ना? पावसाळ्यात काय सॉलिड पाणी असतं!"

माझा चहा तिथेच थांबला. का, ते पुढे सांगतो. आधी त्या लाल होडीबद्दल बोलू, कारण तिच्यात तसं वाईट काहीच नव्हतं.

तर मंडळी, कनू म्हणजे तुमच्या सोसायटीतल्या कनुभाईंचं घरगुती नाव नव्हे. कोलंबसाच्या खलाशांनी कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून हा शब्द उचलला आणि स्पॅनिशमधून तो जगभर गेला. त्या लोकांच्या कनू म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्या. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही, त्याच्याकडे 'डोंगा' हा शब्द तयार आहे. कयाक आणि कनू यांतला फरक तर अगदी सोपा आहे. कयाकमध्ये पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. कनूत गुडघे टेकून बसायचं आणि हातात एकाच पात्याचं वल्हं. कयाक वरून झाकलेली असते, कमरेभोवती रबरी घागरा घातला की पाणी आत शिरत नाही. साधी कनू मात्र उघडी असते. लाट आली की आत, दुसरी आली की तीही आत. आता बोला! त्यामुळेच व्हाइटवॉटरमध्ये, म्हणजे दगडांवर आपटून फेसाळणाऱ्या पाण्यात, कनू चालवणं हा जरा हट्टी लोकांचा खेळ समजला जातो.

आमच्या पोट्ट्यानं स्क्रीनवरची पहिली लाल दिसली ती निवडली होती. आपण सगळे बाइकही तशीच घेतो, म्हणून त्याला हसलो नाही. पण कनूचा रंग सोडून बाकी सगळं बघावं लागतं. सगळ्यात आधी तिचा तळ. कनू जमिनीवर ठेवा आणि बाजूनं बघा. दोन्ही टोकं जमिनीवरून किती उचललेली आहेत? या वाकाला रॉकर म्हणतात. तळ्यासाठी केलेल्या कनूत तो जवळपास नसतोच. ती लांबलचक आणि सरळ असते, खिंडसीसारख्या तलावात नाकासमोर जाते. तीच कनू खळाळत्या पाण्यात नेली तर समोर दगड दिसतोय, तुम्ही जीव तोडून वल्हं मारताय आणि बाईसाहेब आपल्या सरळच चालल्यात, असा प्रकार होतो. व्हाइटवॉटरच्या कनूला रॉकर भरपूर लागतो, चांगला तीन-चार इंच किंवा जास्त, म्हणजे ती जागच्या जागी गर्रकन फिरते. मोबदल्यात ती सरळ जायला तयार नसते. नवशिक्याचा पहिला दिवस स्वतःभोवती गोल फिरण्यातच जातो.

मग लांबी. दोघांची कनू चौदा ते सोळा फुटांची, एकट्याची हल्ली नऊ ते बारा फुटांची. छोटी चपळ, पण पाणी लवकर भरणारी. मोठी कोरडी राहते, पण ओळखीचे दोन धष्टपुष्ट मित्र असल्याशिवाय कारच्या टपावर चढत नाही. आणखी एक गंमत म्हणजे दुकानात बसून बघितल्यावर जी एकदम स्थिर वाटते, ती सपाट बुडाची कनू लाटेत दगा देऊ शकते. सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं, लाट तिरपी झाली की तेही तिरपं. थोड्या गोल बुडाची कनू सुरुवातीला डुगडुगते, पण कलली तरी कललेल्या स्थितीत टिकते. पहिल्या पाच मिनिटांत ज्याच्याशी छान जमलं त्याच्याशी संसार होईलच असं नाही, तसंच काहीसं.

आणि मटेरियल. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीनं अॅल्युमिनियमच्या कनू काढल्या आणि त्या धडाधड खपल्या. पण अॅल्युमिनियम खडकाला घासलं की चिकटतं, घसरत नाही. फायबर ग्लास हलकं आणि देखणं, पण खडकावर आपटलं की तडा. या दोन्हींवर उतारा म्हणून रॉयलेक्स नावाचं सँडविचसारखं प्लॅस्टिक आलं. मध्ये फोम, बाहेर कडक थर. दगडाला गुंडाळली गेलेली कनू ओढून काढली की पुन्हा पहिल्यासारखी! कनूवाले या रॉयलेक्सवर जीव टाकायचे. २०१४ च्या सुमारास त्याचं उत्पादनच बंद पडलं आणि तेव्हापासून जुन्या कनूंना जुन्या येझदीसारखा भाव आला. कॅनडातल्या एस्किफ कंपनीनं टी-फॉर्मेक्स नावाचा पर्याय आणला. बाकी बहुतेक जण पॉलिथिलीनवर आहेत, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या जातभाईवर. ते जड, पण मार खाणारं. आपल्याकडे मात्र दुकानात जाऊन 'व्हाइटवॉटरची कनू दाखवा' म्हणायची सोय जवळपास नाही. प्लॅस्टिकच्या कयाक आणि हवेच्या बोटी मिळतात, उघडी कनू बाहेरून मागवावी लागते. बोटीची किंमत, जहाजाचं भाडं आणि कस्टम यांची बेरीज केली तर नवी बुलेट स्वस्त वाटायला लागते.

हे सगळं ऐकूनही पोट्टा ठाम होता. म्हणून मी त्याला म्हटलं, रविवारी चल माझ्याबरोबर. कनूचा एक एक्स्पर्ट दाखवतो.

उमरेड, भिवापूर, पवनी करत आम्ही लाखांदूर तालुक्यात पोचलो. चुलबंदच्या काठी मामाचं गाव आहे, तिथून थोडं खाली ती वैनगंगेला मिळते. नदीवर ढिवरांचे डोंगे लागलेले असतात. पूर्वी झाडाचं खोड कोरलेले असायचे, आता फळ्यांचे नाहीतर पत्र्याचे जास्त. त्यातल्या एका डोंग्याचे मालक आमचे काका. वय सत्तरीच्या आसपास, अंगावर बनियन आणि गुडघ्याच्या वर गुंडाळलेलं धोतर. त्यांनी मोबाइल लांब धरून लाल कनू बघितली. मग पोट्ट्याकडे बघितलं.

"पानी भरलं त काढतेस कसा बाबू?"

पोट्टा माझ्याकडे बघायला लागला.

"अन् बसतेस कोठी? पाटीवर? पाटीवर बसशील त पडशील. खाली बसाचा." काकांनी फोटो आणखी मोठा करायला लावला. कनूच्या टोकाला दोरी होती, मोकळी, आत टाकलेली. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "याले सांगतलं नाही का तू?"

नव्हतं सांगितलं. ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघं मित्र याच चुलबंदवर एक उधारीची फायबरची बोट घेऊन आलो होतो. सप्टेंबर होता, पाऊस उघडला होता, पाणी अजून जोरात होतं. जाकीट एकच, ते कुणी घालायचं यावर टॉस केला. टॉस जिंकला तो मी. पाचशे मीटरसुद्धा गेलो नसू. बोट एका खडकाला आडवी लागली. आम्ही काय केलं? घाबरून खडकापासून लांब, म्हणजे पाणी येत होतं त्या बाजूला झुकलो. सगळे हेच करतात, आणि हेच करायचं नसतं. प्रवाहाच्या बाजूची कड खाली गेली, पाणी आत आलं, आणि बोट दोन सेकंदांत भरली. मी आणि एक जण बाहेर फेकलो गेलो. तिसऱ्याच्या पायात बोटीची दोरी होती. बोटीत सैल पडलेली, दहा-बारा फूट लांबीची, टोकाला गाठ मारलेली. ती गाठ बोट आणि खडकाच्या मधे अडकली आणि त्याचा पाय दोरीत. डोकं कधी पाण्याच्या वर, कधी खाली. मी काठावरून ओरडत होतो. दुसरं काही येतच नव्हतं.

काका वरच्या अंगाला जाळं लावत होते. ते डोंगा घेऊन कसे आले हे मला आजही नीट आठवत नाही. त्यांच्या हातातला विळा तेवढा आठवतो. एक फटका, दोरी तुटली. मित्र वाचला. त्याच्या घोट्याभोवती दोरीचा वळ आजही आहे. बारशापासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडे तो मला भेटतो, पण नदीवर येत नाही. बोट तिथेच राहिली, पाणी उतरल्यावर तिचे तीन तुकडे निघाले.

पोट्टा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग मी नको घेऊ का?"

तसं नाही रे बाबा. घे. पण कनू घेणं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं तिच्या आत काय बसवायचं ते, ज्याला आउटफिटिंग म्हणतात. आणि पहिल्या अर्ध्यात चूक झाली तर फक्त पैसे जातात.

त्यातली पहिली वस्तू एअरबॅग. काकांचा पहिला प्रश्न हाच होता. कनू पाण्यानं भरली की तिच्यात काही शे लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब करा. एवढं वजन प्रवाहाबरोबर धावत तुमच्या मागून येतंय आणि तुमच्या पुढे खडक आहे. याला उपाय एकच, पाण्याला आत जागाच ठेवायची नाही. कनूच्या पुढच्या आणि मागच्या भागात हवेच्या जाड पिशव्या भरायच्या आणि त्यांच्यावरून दोरीची जाळी घट्ट विणायची. जाळी काठाला भोकं पाडून विणतात, नाहीतर कनू उलटली की पिशवीच उडून बाहेर येते. नुसती पिशवी कोंबून ठेवणारे खूप असतात, तसं करू नका. मग पाणी शिरायला उरते ती फक्त तुमच्या गुडघ्यांभोवतीची जागा. कनू भरली तरी उंच तरंगते, खडकावरून घसरून निघून जाते.

इथे नागपूर-भंडाऱ्याच्या माणसाला एक खास सूचना. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत एअरबॅग टम्म फुगवून कारच्या टपावर ठेवाल तर त्या फुटतील. उलट दुपारी फुगवून थंड पाण्यात उतराल तर आतली हवा आकसून त्या ढिल्या पडतील. पाण्यात थोडा वेळ भिजल्यावर पुन्हा फुंकर मारायची.

हे मी पोट्ट्याला मोठ्या उत्साहानं समजावत होतो, तर काकांनी आपल्या डोंग्याच्या टोकाशी असलेलं पोतं बाजूला केलं. खाली झाकणं घट्ट लावलेले पाच-सहा रिकामे प्लॅस्टिकचे कॅन, सुतळीनं फळीला बांधलेले. "डुबत नाही," एवढंच म्हणाले. मी गेली कित्येक वर्षं या डोंग्यात बसतोय, ते कॅन मला वाटायचे रॉकेलचे!

दुसरी गोष्ट बैठक. कनूत बाकावर बसण्यापेक्षा गुडघे टेकणं शहाणपणाचं, कारण वजन खाली येतं आणि कंबर सैल राहून लाटेबरोबर हलते. पण टणक प्लॅस्टिकवर तासभर गुडघे टेकले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीतून उठवत नाही. म्हणून गुडघ्यांखाली जाड फोम. ईव्हीए फोमची शीट आपल्याकडे सहज मिळते. चिकटवायला ते पांढरं सुतारकामाचं फेव्हिकॉल नको, चपला जोडायला वापरतात ते पिवळं रबर सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावायचं, वाळू द्यायचं, मग दाबायचं. घाई केलीत तर पहिल्याच आंघोळीत फोम आणि कनू यांची फारकत. मध्ये बसायला फोमचाच ठोकळा, म्हणजे सॅडल. घोड्यावर बसल्यासारखं त्यावर बसायचं, पाय दोन्हीकडून मागे. बाकाची कनू असेल तर बाकाखालून तुमचे बूट सहज मागे निघतात का, हे बूट घालून तपासा. अनवाणी बसून बघणारे फसतात. बोट उलटल्यावर बाकाखाली बूट अडकणं यापेक्षा वाईट जागा नाही.

मांड्यांवरून जाणारे पट्टे हा वादाचा मुद्दा. पट्ट्यांमुळे कनू अंगाला पॅन्टसारखी बसते, कललेली कनू नुसत्या कमरेच्या हिसक्यानं सरळ करता येते. पण तेच पट्टे उलट्या बोटीत तुम्हाला धरून ठेवू शकतात. माझं मत विचाराल तर पहिला पूर्ण सीझन पट्टे नकोत. नंतर लावायचे तर एका झटक्यात सुटणारे, आणि शांत पाण्यात, बाजूला कुणीतरी उभं असताना मुद्दाम उलटून वीस-पंचवीस वेळा बाहेर यायची प्रॅक्टिस झाल्यावरच.

आणि दोरी. यावर मी जरा जास्त बोलतो, सांभाळून घ्या. कनूच्या दोन्ही टोकांना दोरी हवीच. उलटलेली कनू काठाला आणायला तीच लागते. पण ती तरंगणारी हवी. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. लांबी साधारण बोटीएवढी. मोकळ्या टोकाला गाठ नाही, फास नाही, काही नाही. आणि ती बोटीत सैल कधीच टाकायची नाही. टोकावरच्या इलॅस्टिकखाली गुंडाळून खोचायची, म्हणजे ओढली की सुटेल आणि न ओढता सुटणार नाही. दोरी आहे तिथे सुरी हवी, जाकिटावर, एका हातानं निघेल अशी. काकांकडे विळा असतो.

पाणी उपसायला महागडे बॅटरीचे पंप मिळतात. नवशिक्याला तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा तिरपा कापला की झालं. फक्त तो आखूड दोरीनं बांधा, नाहीतर गरज पडते तेव्हाच तो वाहून जातो. वल्ह्याचं वरचं टोक इंग्रजी टीसारखं असतं. ते वरच्या हातातून सोडू नका, शेजाऱ्याचे दात त्याच्याच उंचीवर असतात. वल्ह्याबद्दल सध्या इतकं पुरे. एक जादा मात्र जवळ ठेवा.

जाकिटाची कथा वेगळी. भाड्याच्या बोटींवर मिळणारं ते केशरी, विटलेलं, नाड्या तुटलेलं जाकीट गळ्यात अडकवणं म्हणजे बिनपट्ट्याचं हेल्मेट डोक्यावर ठेवण्यासारखं. आपल्या मापाचं घ्या, सगळे पट्टे आवळा आणि मित्राला खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात तुमच्या डोक्यावरून निघून जाणार. हवा भरून फुगणारं नको, फोमचंच हवं, कारण खडकाला घासून हवा जाते, फोम जात नाही. डोक्याला पाण्यातल्या खेळांचं हेल्मेट, कान आणि मागचा भाग झाकणारं. सायकलचं नको. पायात बांधलेले बूट. चप्पल घालून येणाऱ्याला काठावर फोटोग्राफर नेमा.

आता वैनगंगेचा विषय. पोट्ट्याला पावसाळ्यातलं 'सॉलिड पाणी' हवं होतं. पण पूर म्हणजे व्हाइटवॉटर नव्हे. व्हाइटवॉटरमध्ये खडक, लाट, आणि खडकामागे थांबायला शांत पाण्याची जागा असते. पुरात थांबायला जागा नसते. झाडं, तारांची कुंपणं, जाळी यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. शिवाय वैनगंगेचं पाणी इथल्या आभाळाकडे बघून कळत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा शहरात घरांपर्यंत बोटी न्यायची वेळ आली. लाखांदूरच्या वर गोसीखुर्दचं धरण आहे, तेहतीस दारांचं. त्यातली किती उघडणार याचा मेसेज कनूवाल्याला कुणी पाठवत नाही.

आणि बंधारे. या भागात नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. लांबून बघितलं तर तीन-चार फुटांची एक गोड पायरी, वरून पाणी अलगद पडतंय. इन्स्टावर टाकावी अशी. पण पायरीच्या खाली पाणी तळाशी जाऊन पुन्हा मागे, बंधाऱ्याकडे वळतं. त्यात पडलेली वस्तू पुढे जात नाही, तिथेच फिरत राहते. माणूसही. नैसर्गिक खडकाच्या धबधब्यात कुठेतरी फट असते, त्यातून पाणी ओढून बाहेर काढतं. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, फटच नाही. इंग्रजीत अशा बंधाऱ्यांना 'बुडवणारं यंत्र' म्हणतात. तिथे एकच नियम आहे, कनू खांद्यावर घ्या आणि काठानं चालत जा.

एरवी वैनगंगा इकडे रुंद, संथ नदी आहे. तिचा गुण तो आहे, तिच्यावर रुसून काय उपयोग? गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनाचा मोठा सरकारी प्रकल्पही जाहीर झालाय. हिवाळ्याच्या सकाळी शांत पाण्यात वल्हं शिकायला याहून छान जागा नाही. आणि शांत पाणी म्हणजे बिनधोक, असंही समजू नका. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मित्रांनी भरलेली नाव उलटली, थोड्याच वेळापूर्वी त्यांचं फेसबुक लाइव्ह चालू होतं. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात याच वैनगंगेत, ऐन हिवाळ्यात, मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली. त्या काही विकेंडला निघाल्या नव्हत्या.

खरं व्हाइटवॉटर हवंच असेल तर कोलाडची कुंडलिका आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून खाली येतं आणि सकाळी काही तास नदी जागी होते, म्हणून तिथे उन्हाळ्यातही राफ्ट चालतात. तिथे एका-दोघांची हवेची छोटी बोट घेऊन आधी पाणी ओळखा. आणि मराठी माणसाला मनापासून सुचवावं असं ठिकाण म्हणजे महेश्वर. अहिल्याबाईंच्या घाटांपासून थोडं खाली नर्मदा काळ्या खडकांत फुटून वाहते, ती सहस्रधारा. तिथे आपल्या देशातले कनू स्लालमचे खेळाडू सराव करतात. २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या खेलो इंडिया युथ गेम्समधल्या स्लालमच्या शर्यती तिथेच झाल्या. स्लालमची कनू मात्र वेगळी चीज. साडेतीन मीटर लांब, वरून झाकलेली, वजन दहा किलोच्या आत. टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, कधी प्रवाहाच्या उलट दिशेनं, गुडघ्यांवर बसून ही पोरं जी काय कमाल करतात ना! ऑलिंपिकमध्ये मुलींची कनू स्लालम टोकियोपासून, म्हणजे २०२१ पासून आली. शांत पाण्यातल्या शर्यतींत २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कनूत ब्राँझ आणलं, १९९४ नंतर पहिल्यांदाच. दोघांचा फोटो आमच्या पोट्ट्याच्या डेस्कवर लागलाय.

हो, पोट्ट्याचं काय झालं ते राहिलंच. लाल कनू अजून आलेली नाही. त्यानं आधी जाकीट, हेल्मेट आणि थ्रो बॅग घेतली. थ्रो बॅग म्हणजे पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी भरलेली पिशवी. एक टोक हातात ठेवून पिशवी बुडणाऱ्याकडे फेकायची. रोज लंच टाइमला पार्किंगमध्ये तो ती गार्डच्या खुर्चीवर फेकायची प्रॅक्टिस करतो. गार्डकाका आता सवयीनं झेलतात. खुर्चीवर गुडघे टेकून बसायचा सरावही चालू आहे. एचआरनं एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

डिसेंबरात आम्ही पुन्हा गावाला गेलो, काकांसाठी आणि त्यांच्या मुलासाठी दोन जाकिटं घेऊन. काकांनी घालून बघितलं, दोन्ही हात फिरवले, जाळं फेकायची अॅक्शन केली आणि काढून ठेवलं. "जाळ्याले आड येते." काकूंनी दोन्ही जाकिटं घराच्या खुंटीला टांगली. मुलानं घालतो म्हटलंय. बघू.

थ्रो बॅग मात्र काकांना आवडली. दोनदा पिशवी उलटसुलट करून बघितली, एकदा वाळूवर फेकली, दोरी पुन्हा कशी भरायची ते विचारलं. मग हातात धरायच्या टोकाला कंपनीनं शिवलेला फास होता, त्यात मनगट घालून बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि विळ्यानं तो फास कापून टाकला.

"अहो काका, ब्रँडेड होती!" पोट्टा कळवळला.

"असू दे," म्हणत काकांनी पिशवी डोंग्यात कॅनच्या शेजारी ठेवली.